वाचकांचे प्रश्न: एकाच घरट्यात दोन जातींची अंडी

प्रश्न: आमच्या खाकी कॅम्पबेल बदकांच्या माद्या भरपूर अंडी देतात, पण एकही खुडूक बसत नाही. म्हणून त्यांची सहा अंडी मस्कोव्हीच्या पाच अंड्यांसोबत एकाच दिवशी तिच्याखाली ठेवली. २८व्या दिवशी कॅम्पबेलची पिल्ले निघाली. उरलेली अंडी नासली असे समजून ३०व्या दिवशी टाकताना एक फुटले आणि आत जिवंत पिल्लू दिसले. आमचे काय चुकले?

उत्तर: ती अंडी नासलेली नव्हती, त्यांचे दिवस भरले नव्हते. कॅम्पबेल, पेकिन, रनर यांसारख्या बहुतेक पाळीव जाती मॅलार्ड या रानबदकापासून आल्या आहेत आणि त्यांची अंडी साधारण २८ दिवसांत उबतात. मस्कोव्ही ही मात्र मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र प्रजाती असून तिच्या अंड्यांना सुमारे ३५ दिवस लागतात. चेहऱ्यावरची लाल, खडबडीत कातडी आणि मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, ओरडण्याऐवजी फुसफुसणारा नर यांवरून ती सहज ओळखू येते. मस्कोव्ही आणि कॅम्पबेल यांच्या संकरातून झालेली पिल्ले मोठेपणी वांझ निघतात, त्यामुळे पुढची पैदास हवी असेल तर नर वेगळे ठेवा.

कॅम्पबेल खुडूक बसत नाही, यात तिचा दोष नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरमध्ये अडेल कॅम्पबेल यांनी अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रनर बदकाचा संकर करून ही जात घडवली. खुडूक बसलेली मादी अंडी घालणे थांबवते. साहजिकच, अधिक अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होताना उबवण्याची ओढ मागे पडली. चांगली कॅम्पबेल वर्षाला २५० किंवा त्याहून अधिक अंडी देते, ती याच मोबदल्यात.

पुढच्या वेळी आधी मस्कोव्हीची अंडी बसवावीत आणि सात दिवसांनी पेन्सिलीने खूण केलेली कॅम्पबेलची अंडी ठेवावीत, म्हणजे सगळी पिल्ले जवळपास एकाच वेळी निघतील. हे अंतर राखणे फार गरजेचे आहे, कारण पहिली पिल्ले चालू लागली की आई त्यांच्यामागे घरटे सोडते आणि उरलेली अंडी गार पडून आतला जीव जातो. शंका आली तरी अंडे लगेच टाकू नका. अंधारात त्याच्या जाड टोकाला विजेरी लावून पाहा. पिल्लू जिवंत असेल तर हवेच्या पोकळीखाली गडद सावली दिसते आणि क्षणभर थांबल्यास ती हलतानाही दिसते.