मागणी आणि अपेक्षा ‘पूर्ण करणे’ : इंग्रजीत कोणते क्रियापद कधी वापरावे?

मीट, फुलफिल, सॅटिस्फाय आणि लिव्ह अप टू या चारही क्रियापदांपुढे शब्दकोशात ‘पूर्ण करणे’ असेच सापडते, मग वाक्यात कोणते घालावे, असे आपण विचारले आहे. इंग्रजी पत्रव्यवहार तपासताना ही अडचण मला नेहमी दिसते आणि तिचे मूळ त्या सरसकट ‘पूर्ण करणे’त आहे, असे माझे मत आहे. मराठीतही आपण गरज भागवतो, हट्ट पुरवतो, वचन पाळतो आणि अटींची पूर्तता करतो. म्हणजे क्रियापद नामाकडे पाहूनच ठरते. इंग्रजीतही आधी नाम पाहावे.

गरज, मुदत, खर्च किंवा बाजारातील मागणी असे गाठायचे माप समोर असेल, तर ‘मीट’ योग्य ठरते. ‘द फॅक्टरी कुड नॉट मीट द डिमांड’ याचा अर्थ कारखान्याला मागणीइतका माल पुरवता आला नाही. वचन, स्वप्न आणि कर्तव्य यांना ‘फुलफिल’ शोभते, तर भूक आणि कुतूहल यांना ‘सॅटिस्फाय’. अटींना हे तिन्ही शब्द चालतात. नियम किंवा आदेश असेल, तर ‘कम्प्लाय विथ’ लिहावे आणि त्यातले ‘विथ’ गाळू नये.

अपेक्षांबाबत थोडे थांबावे लागते. ‘द हॉटेल मेट अवर एक्स्पेक्टेशन्स’ म्हटले, की जेवढे वाटले होते तेवढे मिळाले, इतकेच कळते. ‘लिव्ह अप टू’मध्ये अपेक्षा मुळात उंच असते आणि माणूस किंवा वस्तू तिला उतरते की नाही, हा प्रश्न असतो, म्हणूनच ते नकारार्थी वाक्यांत फार आढळते: ‘द फिल्म डिड नॉट लिव्ह अप टू माय एक्स्पेक्टेशन्स’. नावलौकिकालाही हेच क्रियापद लागते. या दोहोंची भेसळ करून काही जण ‘मीट अप टू’ लिहितात, ते साफ चूक आहे.

एकदा माझ्याकडे आलेल्या पत्रात, केवळ दोन नमुने मागवणाऱ्या ग्राहकाला ‘वी विल फुलफिल ऑल युवर डिमांड्स’ असे कळवले होते. व्याकरण निर्दोष होते, परंतु अनेकवचनी ‘डिमांड्स’ म्हणजे संपकऱ्यांच्या असतात तशा आग्रही मागण्या, आणि त्या बिचाऱ्याने तर नम्रपणे विचारणा केली होती. मी तेथे ‘वी विल मीट युवर रिक्वायरमेंट्स’ असे केले.