विमानाच्या नाकानेच नाक कापलं

प्रश्न : १९६१ मध्ये क्युबावर झालेल्या 'बे ऑफ पिग्ज'च्या स्वारीबद्दल एवढंच वाचायला मिळतं की सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने पाठवलेले, देश सोडून आलेले क्युबन लोक तीन दिवसांत हरले. पण यामागे अमेरिका आहे हे जगाला इतक्या पटकन कळलं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसा होता, माणसं होती, पण थाप मारायच्या आधी विमान नीट बघायचं कुणाला सुचलं नाही. १५ एप्रिल १९६१ ला सकाळी सीआयएच्या बी-२६ विमानांनी क्युबाचा सत्ताधीश कॅस्ट्रो याच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, शेपटीवर खुणा क्युबाच्याच हवाई दलाच्या रंगवलेल्या, आणि त्याच सकाळी तसंच एक विमान मायामीत उतरवलं. पायलटने सांगायचं काय, तर मी कॅस्ट्रोला सोडून पळालो आणि निघताना बॉम्ब टाकून आलो. विमानाला गोळ्यांची भोकं पण होती, आधीच पाडून ठेवलेली! पण कॅस्ट्रोच्या बी-२६ चं नाक पारदर्शक आणि ह्याचं पत्र्याचं, त्यात मशीनगन्स, आणि त्यांच्या तोंडावरची टेपसुद्धा जागच्या जागी. पत्रकार काय आंधळे असतात का?

तिकडे युनोत अमेरिकेचे राजदूत एडलाय स्टीव्हन्सन बिचारे त्याच विमानाचा फोटो दाखवून हे क्युबन बंडखोरच म्हणून सांगत होते, कारण त्यांना त्यांच्याच सरकारने खरं सांगितलं नव्हतं. मग बोभाटा वाढला, केनेडींनी दुसरा हवाई हल्ला रद्द केला, आणि १७ तारखेला माणसं किनाऱ्यावर उतरली तेव्हा कॅस्ट्रोची उरलेली विमानं दोन जहाजं बुडवून मोकळी झाली.

मला स्वतःला विचाराल तर ह्याहून वाईट प्रकार न्यूयॉर्कमध्ये चालला होता. क्युबन रिव्होल्युशनरी कौन्सिल, म्हणजे देश सोडून आलेल्या क्युबन नेत्यांची संघटना, तिच्या नावाने एक पीआरवाला धडाधड निवेदनं काढत होता, मजकूर सीआयएचा, आणि ज्यांच्या नावाने हे चाललंय ते मिरो कार्डोना वगैरे नेते मायामीजवळ ओपा-लोकाच्या जुन्या विमानतळावर पहाऱ्यात बसवलेले, आपण स्वारी केली हे त्यांना रेडिओवर कळलं. कार्डोनांचा स्वतःचा मुलगा त्या लढाईत होता हो! शेवटी हरल्यावर निवेदन आलं की ही स्वारी नव्हतीच, आम्ही नुसतं सामान आणि मदत उतरवत होतो.

प्रश्न : त्या तुकडीला 'ब्रिगेड २५०६' का म्हणतात? एवढे लोक होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, साधारण १४००. नंबर मुद्दाम २५०० पासून द्यायला लागले, म्हणजे शत्रूला वाटावं फौज मोठी आहे. २५०६ हा ग्वाटेमालात ट्रेनिंगच्या वेळी अपघातात गेलेल्या एकाचा नंबर, त्याची आठवण म्हणून तेच नाव ठेवलं.

प्रश्न : आपल्याकडे असं काही लपून केलेलं काम?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अहो तुमच्या शेजारीच की. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून गोव्याच्या हद्दीबाहेर, आधी आंबोली मग कॅसल रॉकच्या जंगलात लपून रेडिओ चालवला, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये. लपवलं होतं ते ट्रान्समीटर, कुणाच्या बाजूने बोलतोय ते नाही. १९ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे त्याच वर्षी, दोघं विमानात बसून लाउडस्पीकरवरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरले.