एक्स्टर्नल नको ताई, आधी एक अर्ज करा

ताई नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. लेकीला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे नजर हळूहळू कमी होत जाणारा डोळ्यांचा आजार आहे, दिव्यांग प्रमाणपत्रावर ७० टक्के, बारावी कॉमर्स रायटर (ती सांगेल ते पेपरात लिहिणारा लेखनिक) आणि जादा वेळ घेऊन ७१ टक्क्यांनी पास झाली, आता तालुक्याच्या कॉलेजला एफवाय बीकॉमला आहे. पहिल्या बेंचवर बसूनही फळा नीट दिसत नाही. ऑफिसात विचारलं तर "आमच्याकडे असं वेगळं काही नसतं, परीक्षेच्या वेळी रायटर घेऊन या" एवढंच उत्तर मिळालं. आणि ती तुम्हाला म्हणते, आई कुणाला सांगत बसू नको, मला वेगळं काढतील. म्हणून तुम्ही विचारताय की रेग्युलर सोडून एक्स्टर्नल करू का, म्हणजे कॉलेजला न जाता नुसती परीक्षा द्यायची, घरी मी वाचून दाखवीन, डिग्री तर मिळेल, मग बँकेच्या परीक्षा देईल.

माझं उत्तर आहे, एक्स्टर्नल करू नका. निदान आत्ता तरी नको.

डिग्री दोन्हीकडून मिळेल हे खरंय. पण कॉलेजच्या तीन वर्षांत मुलं अनोळखी माणसाशी बोलायला शिकतात, ग्रुपमध्ये प्रोजेक्ट करतात, चार लोकांसमोर उभं राहून सांगतात, एखादे सर किंवा मॅडम त्यांना नावानं ओळखायला लागतात आणि पुढे कुठं इंटर्नशिप निघाली तर तेच नाव सुचवतात. हे घरी बसून होत नाही. तुम्ही वाचून दाखवाल ते मायेनं दाखवाल, पण आज तिला सगळ्यात जास्त गरज आहे ती स्वतः वाचता येण्याची आणि स्वतःला काय हवंय ते स्वतः मागता येण्याची, या दोन्ही गोष्टी शिकायला कॉलेजइतकी चांगली जागा नाही, कारण इथं चुकलं तरी नोकरी जात नाही.

आता ऑफिसातल्या उत्तराबद्दल. ते उत्तर कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेनं विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्यात, आणि कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि शिष्यवृत्ती हे स्पष्ट लिहिलंय. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, ते कलम ३२. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, कॉलेजांना समान संधी कक्ष करायला सांगितलंय आणि २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्यात. क्लार्कला हे माहीत नसेल, बऱ्याच ठिकाणी नसतं, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. काऊंटरवर तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं, त्याची कुठं नोंद राहत नाही. म्हणून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करायचा, सोबत प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) झेरॉक्स जोडायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. यूडीआयडी अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज लगेच भरा. ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्यांना पिवळं कार्ड मिळतं, तिचं तेच असेल. हा आजार वाढणारा आहे, त्यामुळे पुढे नजर आणखी कमी झाली तर पुन्हा तपासणी करून टक्केवारी सुधारून घ्यायची हेही लक्षात असू द्या.

अर्जात "सहकार्य करावे ही विनंती" एवढंच लिहून सोडू नका, त्यातून कुणाला काय करायचंय ते कळत नाही. नेमकं मागा. फळ्यावर लिहिलेलं शिक्षकांनी तोंडानं बोलावं, नोट्स आणि प्रश्नसंच फाईलच्या रूपात मिळावेत, फळ्याचा फोटो काढायची परवानगी असावी, लायब्ररीतल्या आणि लॅबमधल्या एका कम्प्युटरवर स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकावा, अंतर्गत परीक्षेतही जादा वेळ मिळावा, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा. शेवटची मागणी किरकोळ वाटेल पण रेटिनायटिस पिगमेंटोसात कमी उजेडातल्या सारख्या रंगाच्या पायऱ्या फार धोक्याच्या, आणि तो पट्टा मारायला एक डबा रंग आणि एक दिवस लागतो.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना सहसा कुणी सांगत नाही. कॉलेजचं नॅक, म्हणजे दर्जाचं सरकारी मूल्यांकन, झालं असेल तर नॅकला दिलेला स्वयं-मूल्यांकन अहवाल कॉलेजच्या वेबसाईटवर बघा. त्यात सातव्या निकषाखाली दिव्यांगांसाठीच्या सोयींबद्दल प्रश्न असतो, रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, स्क्रीन रीडिंग सॉफ्टवेअर, रायटर, सॉफ्ट कॉपीतलं साहित्य, यातलं काय काय आहे ते कॉलेजनं स्वतः लिहिलेलं असतं. ते पान प्रिंट करून न्या आणि आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) बघणाऱ्या प्राध्यापकांना शांतपणे विचारा की या सोयी मुलीला कुठं आणि कधी वापरता येतील. माझ्या अनुभवात इथं काम पटकन हलतं, कारण पुढच्या वेळी त्यांनाही दाखवायला खरा विद्यार्थी हवा असतो. एवढं करूनही काहीच झालं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण ती वेळ सहसा येत नाही.

आता वर्गातलं. पहिला बेंच सगळ्यांना उपयोगाचा नसतो ताई. या आजारात बऱ्याचदा आजूबाजूचं दिसायचं कमी होतं आणि मधला भाग त्या मानानं बरा राहतो, तेव्हा फळ्याच्या अगदी जवळ बसलं की फळ्याचा छोटासा तुकडाच नजरेत मावतो. दोन-तीन बेंच मागे बसून बघायला सांगा, खिडकी पाठीमागे येईल आणि दिवा डोक्यावर राहील असं. तसंच पुस्तकाच्या अक्षरांचं, फार मोठं केलं की एका नजरेत दोनच शब्द बसतात आणि वाचन आणखी हळू होतं, अक्षर बेताचं मोठं आणि ठळक, काळ्यावर पांढरं किंवा पिवळं, असं करून बघा, डोळ्यांच्या डॉक्टरांना लो व्हिजन तपासणीबद्दलही विचारा.

अकाउंट्सच्या तासाला खरी अडचण येते ती "हे इकडून वजा केलं, ते तिकडं नेलं" या बोलण्यानं. दिसणाऱ्याला कळतं, तिला काहीच कळत नाही. तिनं सरांना एकदा भेटून एवढंच सांगावं की सर आकडा आणि खात्याचं नाव बोलाल का, म्हणजे "घसारा पाच हजार, नफा-तोटा खात्याच्या डेबिट बाजूला". सरांना यात जादा काही करावं लागत नाही, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनाही जास्त नीट कळतं असं मी शिक्षकांकडूनच ऐकलंय.

रायटरचं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. रायटर कोण चालेल, किती शिकलेला, परवानगी कधी घ्यायची याचे नियम मधूनमधून बदलतात म्हणून विद्यापीठाचं त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच ठरवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पळापळ नको. आणि कॉमर्सच्या पेपरला रायटरसोबत सराव केल्याशिवाय बसायचंच नाही. ताळेबंद तोंडानं सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, आधी किती रकाने आखायचे ते सांगायचं, मग बाजू, मग खातं, मग रक्कम, मग त्याच्याकडून परत वाचून घ्यायचं. चार-पाच जुने पेपर असे सोडवले की मार्कांत फरक दिसतो.

पण ताई, रायटर मिळाला की कॉलेजचं काम झालं असं बरेच पालक धरून चालतात आणि तिथंच थांबतात. मला सगळ्यात जास्त जोर द्यायचाय तो कम्प्युटरवर. बँकेत असो की कुठल्याही ऑफिसात, तिथं रायटर नसतो, स्क्रीन असते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत आहे, स्क्रीनवरचं बोलून दाखवतो, त्यात मराठीही आहे, आवाज सुरुवातीला यांत्रिक वाटतो पण कान आठ-पंधरा दिवसांत सरावतो. तो पेन ड्राइव्हवरूनही चालतो, म्हणजे लॅबमध्ये इन्स्टॉल करू देत नसतील तरी बऱ्याच ठिकाणी काम भागतं. एक्सेलमध्ये बाणाचं बटण दाबत गेलं की तो आधी रकान्यातला आकडा बोलतो आणि मग कुठला रकाना ते, "बारा हजार पाचशे, सी सात" असं. वरच्या शीर्षकाच्या रकान्यावर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबलं की पुढे एका उभ्या रकान्यातून दुसऱ्यात जाताना शीर्षकही बोलतो, मग कुठला आकडा विक्रीचा आणि कुठला खर्चाचा हे लक्षात ठेवायची गरज नाही. थोडं बघून काम करायचं असेल तेव्हा विंडोजचं बटण आणि प्लस दाबलं की मॅग्निफायर सुरू होतो.

तुम्ही म्हणाल तिला अजून थोडं दिसतंय, मग बोलणारा कम्प्युटर कशाला. दिसतंय म्हणूनच आत्ता. नजर बरी असताना शिकलं की भीती नसते, अडलं तर डोळ्यांनी बघून घेता येतं, आणि पुढे कधी गरज पडलीच तर हात तयार असतो. टायपिंग तर आजपासूनच, की-बोर्डवर एफ आणि जे या बटणांवर छोटी उंच रेघ असते, तर्जनी तिथं ठेवून न बघता टाइप करायची सवय लागली पाहिजे.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे, २०१६ ला सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय, छापील वाचायला अडचण असलेल्यांसाठी. अभ्यासाचं पुस्तक तिथं नसेल तर स्कॅन करून घ्या, कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून घ्यायची मुभा दिलीये, त्यामुळे लायब्ररीयननं हरकत घेतली तर हे सांगा. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून याच कामात आहे, तिथून मार्गदर्शन घ्या. सुट्टीत कुठं प्रशिक्षणाला जायचं ठरलं तर एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे.

शिष्यवृत्तीचं पटकन सांगते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची आहे, दोन्हीच्या अटी वाचून एकीलाच अर्ज करा. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाची मुलं असलेल्या पालकांनी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती बघावी, वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत.

बँकेचं स्वप्न अगदी वाजवी आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी यांच्यासाठी. आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या, परीक्षेत अल्पदृष्टी उमेदवाराला स्क्रीनवर मोठं अक्षर निवडता येतं, जादा वेळ मिळतो, वयातही दहा वर्षांची सूट आहे. पण फक्त बँकेवर थांबू नका. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना लहानपणीच दृष्टी गेली, यूपीएससीत ७७३ वा क्रमांक येऊनही रेल्वेच्या लेखा सेवेनं दृष्टीचं कारण देऊन नाकारलं, त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक आला आणि आयएएस झाल्या. प्रत्येकीनं कलेक्टरच व्हावं असं मी म्हणत नाही, एका ठिकाणी नाही म्हटलं की तोच शेवटचा शब्द धरायचा नसतो एवढं मात्र तिच्याकडून घ्या. तुमच्या लेकीनं पहिल्याच वर्षी एनएसएसला नाव द्यावं, विद्यापीठात कमवा आणि शिका योजना असेल तर ऑफिसच्या कम्प्युटरवरचं काम मागावं, एसवायच्या सुट्टीत एखाद्या सीएकडे महिनाभर बसावं. बायोडेटात हे दिसतं.

राहिला तिचा प्रश्न, सांगू की नको. ही भीती खरी आहे, उगाच नाही. पण न सांगता काय होतंय ते बघा, समोरून मैत्रीण हात करते, हिला दिसत नाही, मैत्रिणीला वाटतं ही भाव खाते. संध्याकाळच्या कार्यक्रमाला ही येत नाही, कारण कुणालाच माहीत नाही. सगळ्या वर्गाला जाहीर करायची गरज नाही, दोन मैत्रिणी आणि विषयाचे शिक्षक एवढं पुरे. वाक्य आधी ठरवून ठेवावं, "मला बाजूचं आणि अंधारात दिसत नाही, हाक मारलीस तर मी लगेच बघते", इतकं साधं. आणि ताई, अर्ज घेऊन प्राचार्यांकडे जाताना तुम्ही सोबत जा पण बोलू तिला द्या. पहिल्यांदा अडखळेल, अडखळू द्या.

ज्यांच्या मुलांना ऐकू कमी येतं, चालायला अडचण आहे किंवा डिस्लेक्सिया आहे, त्यांनीही अर्जाची पद्धत हीच ठेवा, मागण्या फक्त बदलतील, तळमजल्यावर वर्ग, बोलणं मोबाईलवर अक्षरांत दाखवणारं ॲप, लेक्चरचं रेकॉर्डिंग. आणि टक्केवारी ४० पेक्षा कमी असली म्हणून गप्प बसू नका, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलंय की रायटरसाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही.

अर्जाचा मसुदा तिला स्वतः टाइप करायला सांगा, चुका असल्या तरी चालतील, मला पाठवा, मी बघून देते. पहिली अंतर्गत परीक्षा जवळ आली असेल, त्यामुळे पुढच्या सोमवारच्या आत द्यायचा असं धरून चला.