पाहुणा शिक्षक तीन दिवसांचा, गुडघा आपला

फेब्रुवारी सरला की माझ्याकडे दोनच प्रकारचे प्रश्न येतात. घामाने हात घसरतो, काय करू? आणि अमुक ठिकाणचे शिक्षक येणार आहेत, जाऊ का? यंदाही तेच. त्यातली चार-पाच पत्रं अष्टांग विन्यासाबद्दल, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, श्वासाच्या मोजणीवर आसनं करायच्या योगपद्धतीबद्दल आहेत, म्हणून हा महिना त्यालाच देते.

प्रश्न: ताई, जुळे सोलापुरात घराजवळच्या क्लासला मी आठ महिने जाते. प्राथमिक मालिका, म्हणजे आसनांचा पहिला ठरलेला क्रम, नावासनापर्यंत होते. आता बाहेरगावचे एक शिक्षक इथे तीन दिवसांची कार्यशाळा घेणार आहेत. फी साडेचार हजार, आणि आमच्या क्लासची महिन्याची नऊशे. आमच्या बाईंना विचारलं तर "बघा तुमचं तुम्ही" एवढंच म्हणाल्या. जावं का?

उत्तर: "बघा तुमचं तुम्ही" हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही बाईने म्हटलं की समजायचं, तिला लागलंय. पैसे भरण्याआधी एक दिवस क्लास सुटल्यावर दहा मिनिटं थांबा आणि त्यांना विचारा, "बाई, त्या सरांना मी माझ्यातलं काय दाखवू?" आठ महिने रोज पहाटे त्यांनी तुम्हाला पाहिलंय. तुमचा उजवा खांदा वर चढतो की डावा, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पाहुण्याला ते कळायला तीनातला दीड दिवस जाईल.

मग जा. जरूर जा. त्यातही निवड असेल तर सकाळच्या म्हैसूर पद्धतीच्या सत्रांचे पैसे भरा, दुपारच्या भाषणांचे नाही भरले तरी चालतील. म्हैसूर पद्धत म्हणजे सगळ्यांना एका सुरात हाकत नाहीत. हॉलमध्ये वीस जण असले तरी प्रत्येक जण आपल्या श्वासावर आपली मालिका करतो आणि शिक्षक मधून फिरत जिथे अडलंय तिथे येऊन थांबतात. मोजणीचा वर्ग वेगळा. तिथे "एकम्, द्वे, त्रीणि" अशी संस्कृत मोजणी चालते आणि सगळे एकदम हलतात. त्यातही मजा आहे, आपण कुठे घाई करतो आणि कुठे श्वास चोरतो ते उघडं पडतं. पण एका माणसाकडे बघायला शिक्षकाला तिथे सवड नसते.

माझ्या पहिल्या कार्यशाळेचं सांगते. तेव्हा मी बँकेत होते, तीन दिवसांची रजा टाकली होती. शिक्षक म्हैसूरकडचे, बोलणं सगळं इंग्रजीत. पण कुणी श्वास धरून बसलं की त्यांच्या तोंडून पटकन "उसिरु बिडि" निघायचं, आणि हॉलमधली निम्मी मंडळी भाषांतराची वाट न बघता श्वास सोडून मोकळी! सोलापूरचा हा फायदा. घरात तेलुगू, बाजारात मराठी, देवळात कानडी.

तर त्या तीन दिवसांत मी वहीची चौदा पानं भरली. पुढे उपयोगी पडली ती एक ओळ, आणि ती त्यांनी सांगितलेली नव्हतीच. चतुरंग दंडासनात (पालथं अंग हातांवर आणि पायांच्या बोटांवर तोलायचं आसन) मी खाली येत होते, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याखाली दोन बोटं नुसती धरली. खांदा कोपराच्या रेषेखाली गेला की बोटाला टेकायचा. दहा वेळा टेकला. आपण शाळेत बारा आकड्यांचे सूर्यनमस्कार घालून मोठे झालो, त्यात गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला लावायची असते. अंगात तीच सवय मुरलेली. अष्टांगातल्या पहिल्या सूर्यनमस्कारात नऊ विन्यास (म्हणजे श्वासाला जोडलेल्या हालचाली) आणि दुसऱ्यात सतरा, आणि दोन्हींत छाती जमिनीला टेकतच नाही. शरीर फळीसारखं उतरतं, कोपर काटकोनात आलं की थांबतं. मालिकेत बैठकीच्या आसनांमधून परत परत हेच करावं लागतं, म्हणजे रोज कितीतरी वेळा. त्यात खांदा खाली जात राहिला, तर तो रोज थोडा थोडा झिजवायची याहून सोपी युक्ती नाही.

ती दोन बोटं मी घरी घेऊन आले. दिवाळीला कार्यशाळा झाली, खांदा जागेवर थांबायला गुढीपाडवा उजाडला. मधल्या काळात आमच्या क्लासच्या बाई रोज खांद्याकडे बघत होत्या, म्हणून जमलं. नाहीतर आठवड्यात विसरले असते.

एक पथ्य पाळा. पाहुण्याकडून नवीन आसन मागू नका. या पद्धतीत पुढचं आसन रोजचा शिक्षक देतो, आधीचं बसलं की. तीन दिवसांत मालिकेत पुढे असलेल्या सुप्त कूर्मासनापर्यंत जाऊन आलेल्यांना परत नावासनावर आणताना त्या बाईंना किती जड जातं, ते मी आता दुसऱ्या बाजूने बघते.

प्रश्न: माझे वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. ते म्हणतात, अष्टांग म्हणजे यम, नियम वगैरे. हे उड्या मारणं परदेशी लोकांनी काढलेलं खूळ आहे. त्यांना काय सांगू?

उत्तर: पहिलं वाक्य बरोबर आहे, तेवढं मान्य करून टाका. पतंजलींची आठ अंगं म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. आसन त्यातलं तिसरं. दुसऱ्या वाक्यासाठी वडिलांना स्टेशनवर घेऊन जा आणि सोलापूर-हसन एक्स्प्रेस दाखवा. ती गाडी जिथे जाते त्या हसनला १९२७ साली योगगुरू तिरुमलै कृष्णमाचार्यांनी आसनांचं प्रात्यक्षिक दिलं. बघायला बारा वर्षांचा एक शाळकरी मुलगा आला होता, जवळच्याच कौशिक गावचा, पट्टाभि जोइस. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांच्याकडे शिकायला लागला. पुढे म्हैसूरला या जोइसांनी १९४८ मध्ये आपली संस्था काढली आणि १९६२ मध्ये त्यांचं या पद्धतीवरचं 'योगमाला' हे पुस्तक प्रसिद्ध झालं, कानडीत. परदेशी मंडळी त्यानंतर आली. आसनाला श्वासाच्या मोजणीत ओवायचं, नजर ठरलेल्या जागी ठेवायची, बंध धरायचे (म्हणजे आतले स्नायू आवळून ठेवायचे), हे सगळं इथलंच आहे. पुण्याचे अय्यंगार गुरुजीही कृष्णमाचार्यांचेच शिष्य, हे सांगितलंत तर वडील थोडे नरमतील. आमचे नरमले होते.

'उड्या' शब्दावर मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. धप्पकन आवाज आला तर ती उडी, आवाज न होता पाय मागे गेले तर विन्यास.

प्रश्न: वय ४१, शिक्षिका आहे. अर्धबद्ध पद्म पश्चिमोत्तानासनात (एक पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवून पुढे वाकायचं आसन) डावा गुडघा आतून दुखतो. मागच्या महिन्यात एका शिबिरात शिक्षकांनी पाठीवर वजन टाकून खाली दाबलं, तेव्हापासून जिना उतरताना जास्तच दुखतो. सवय होईल म्हणतात. खरं का?

उत्तर: नाही. मांडीच्या मागे ओढ लागते तिची सवय होते. गुडघ्याच्या आतलं दुखणं ही सवय व्हायची गोष्टच नाही. आजपासून ते आसन बंद. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा लटपटत असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

आता का दुखतं ते. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, मुख्यतः उघडतो आणि मिटतो. पिळायचं काम खुब्याचं. पद्मात पाऊल मांडीवर आणताना मांडीचं हाड खुब्यातून बाहेरच्या बाजूला फिरायला हवं. ते फिरलं नाही आणि आपण हाताने पाऊल ओढलं, की राहिलेला पीळ बिजागरीत जातो. त्यावर कुणी पाठ दाबली तर काय होतं ते तुम्ही अनुभवलंच आहे.

मीही अनुभवलंय. २०१६ मध्ये दुसऱ्या एका शहरात, नाव असलेल्या एका पाहुण्या शिक्षकांच्या वर्गात, मरीच्यासनाच्या चौथ्या, म्हणजे 'ड' प्रकारात, ज्यात एक पाऊल मांडीवर ठेवून अंग पिळायचं असतं. आमच्या बाईंनी निघताना सांगितलं होतं, "गुडघा अजून तयार नाही, 'क' झाला की थांब." मी थांबले नाही. शिक्षक मागून आले, गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे नेला. टक् असा आवाज आला, ओलं लाकूड मोडावं तसा. आजूबाजूला चाळीस माणसं श्वास घेत होती. ओरडायला हवं होतं, मी हसले. खरंच हसले, ते म्हणाले "गुड" आणि पुढच्या चटईकडे गेले. रात्री लॉजचा जिना बसून उतरले. गुडघ्यातली गादी फाटली होती, सात महिने मांडी घालता आली नाही. घरच्या सत्यनारायणाला यजमानीण खुर्चीवर बसली, ते सासूबाई अजून काढतात.

राग त्यांच्यावर होता तितकाच माझ्या त्या हसण्यावर. आपल्याकडे गुरूचा हात अंगाला लागला की आशीर्वाद समजायची रीत आहे. या परंपरेत तरी ती डोळे मिटून पाळू नका. खुद्द जोइसांच्या हाताळण्याबद्दल त्यांच्या मृत्यूनंतर अनेक शिष्यांनी लैंगिक अत्याचाराचे जाहीर आरोप केले, आणि त्यांचे नातू शरत यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मी ही पद्धत सोडली नाही, पण हे माहीत असून करते. आता बऱ्याच ठिकाणी चटईजवळ एक चकती ठेवतात, एक बाजू वर असली तर हात लावा, दुसरी असली तर नको. चकती नसेल तर सुरुवातीलाच जाऊन सांगा, "सर, डाव्या गुडघ्याला हात लावू नका." एवढं ऐकून ज्याचं तोंड वाकडं होईल, त्याच्यापुढे चटई अंथरू नका.

दुखणं थांबून डॉक्टरांनी परवानगी दिली की पुन्हा सुरुवात अशी: चादरीची चौघडी करून त्यावर बसा, म्हणजे खुबा उंचावतो. डावी टाच बेंबीकडे येऊ द्या, पाऊल मांडीवर नाही चढलं तर आतल्या बाजूला जमिनीवर ठेवा. पुढे वाकू नका. पाच श्वास मोजा आणि सोडा. दोन महिने एवढंच. वर्गातल्या इतरांकडे बघायचं नाही. नजर पायाच्या अंगठ्याकडे ठेवायचा नियम आहेच, तो इथे फार कामाला येतो.

प्रश्न: पौर्णिमा-अमावस्येला क्लास बंद असतो. कारण काय? आणि मासिक पाळीत?

उत्तर: परंपरेत शनिवार, पौर्णिमा आणि अमावस्या सुट्टीच्या. कारणं निरनिराळी सांगतात. मला पटलेलं एकच, की रोज दीड तास घाम गाळणाऱ्याला थांबायला कुणीतरी भाग पाडावं लागतं. (कार्यशाळा हटकून शनिवार-रविवारी ठेवतात, तेव्हा हा नियम कुठे जातो कुणास ठाऊक.) पाळीचे पहिले तीन दिवस विश्रांती घ्यायची रीत आहे. अंगाला विचारा. शिंकाळ्यासारखं उलटं लटकायची घाई निदान त्या दिवसांत नको.

प्रश्न: पहाटे साडेपाचलाही घामाने हात घसरतो. महागाची चटई घेतली, तरी तेच. मे महिन्यात काय होईल?

उत्तर: मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की मी मालिका निम्मी करते, पंखा बंद ठेवायचा हट्ट करत नाही आणि लाजतही नाही. महागाच्या चटईचं दुःख मी ओळखते, माझ्याकडे दोन पडून आहेत. म्हैसूरला रबरी चटईवर जाड सुती सतरंजी घालतात, कारण सूत घाम पितं. आपण तर चादरीच्या गावात राहतो. अशोक चौकाकडच्या कुठल्याही दुकानात जा आणि एकेरी, जाड, घट्ट विणीची चादर मागा. मोराची नक्षी नसलेलीही मिळते, पण मी मोरवालीच घेतली. डावा मोर डाव्या हाताखाली, उजवा उजव्या हाताखाली, हातांतलं अंतर आपोआप ठरतं. नवी चादर खळीमुळे घसरते, म्हणून आधी दोन-तीनदा धुवा. सुरू करण्याआधी हात टेकायच्या जागी पाणी शिंपडा, सूत दमट झालं की पकड बसते. धुताना सुवासिक सॉफ्टनर तेवढा घालू नका. माझ्या सुनेने हौसेने घातला होता. चादर मऊ झाली, वासही छान आला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मोर मला घेऊन भिंतीपर्यंत गेले.