अमेरिकेतल्या पहिल्या रेल्वेमार्गांचे जुने नकाशे आणि छापील कागद जमवायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की खिसा बेताचा आहे आणि अस्सल-नक्कल ओळखता येत नाही. मी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ राहतो, बारा वर्षं हा नाद आहे, आणि सुरुवात फजितीनेच झाली होती.

एका जुन्या बाजारात मला युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची भिंतीवर लावायची जाहिरात दिसली, तारीख १० मे १८६९. युटातल्या प्रोमॉन्टरीला देश ओलांडणाऱ्या पहिल्या रेल्वेचे दोन्हीकडचे रूळ जोडून सोन्याचा खिळा ठोकला तो दिवस! कागद छान पिवळसर. १८० डॉलर मोजले. घरी भिंग लावलं तर अक्षरांमध्ये एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी. ती छपाई १८८० च्या दशकाआधी बाजारात नव्हतीच. पिवळेपणा बहुधा चहाचा. तेव्हापासून दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असतं. सुटे टाइप जुळवून, दाब देऊन छापलेल्या कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं की बरेचदा दाब जाणवतो. माझी जाहिरात मागून गुळगुळीत होती.

पोस्टरच्या मागे लागू नका. जमीनविक्रीच्या पुस्तिका आणि त्यांतले घडीचे नकाशे बघा. १८६२ च्या कायद्याने पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेला रुळांच्या दर मैलामागे दहा चौरस मैल जमीन मिळाली, १८६४ साली ती दुप्पट झाली. ती विकायला गिऱ्हाईक हवं, म्हणून कंपन्यांनी जर्मन, स्वीडिश अशा भाषांतही पुस्तिका छापल्या. लोक वाचून फेकून देत, म्हणून आज टिकलेल्या प्रती कमी. नकाशा घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथेच आधी फाटतो. पुष्कळदा तो काढून वेगळा विकलेला असतो, तेव्हा पुस्तिका घेताना मागे फाटका काठ उरलाय का ते पाहा.

मला खरी मजा येते ती या नकाशांच्या थापांमध्ये. जमीन मिळाली होती बुद्धिबळाच्या पटासारखी, एक घर कंपनीचं, एक सरकारचं. १८८४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रचाराच्या नकाशात मात्र सलग जाड पट्टे रंगवले, जणू अर्धा देश रेल्वेने गिळलाय. कंपन्याही कमी नव्हत्या. नॉर्दर्न पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीसाठी पैसे उभे करणारे बँकर जे कुक यांनी उत्तरेतल्या त्या थंड मुलखाच्या हवेचं एवढं कौतुक छापलं की टीकाकार त्या मुलखाला ‘केळ्यांचा पट्टा’ म्हणू लागले. १८७३ साली कुक यांचं दिवाळं निघालं तेव्हा पूर्वेकडून येणारे रूळ डकोटातल्या बिस्मार्कपर्यंतच पोचले होते. मार्ग पुरा व्हायला १८८३ उजाडलं. आणि ‘मोकळी’ म्हणून दाखवलेली जमीन आधी कोणत्या मूळ अमेरिकी जमातींची होती, हे या कागदांत क्वचितच सापडेल.

काळ ठरवायला नकाशातली राज्यं बघा. उत्तर आणि दक्षिण डकोटा ही दोन राज्यं दिसली तर नकाशा १८८९ च्या आधीचा नाही. वेळापत्रकात प्रमाणवेळेचा उल्लेख असेल तर ते १८ नोव्हेंबर १८८३ च्या आसपासचं किंवा नंतरचं. त्याआधी गाड्या कुठल्या तरी एका शहराच्या घड्याळावर चालत.

फाटक्या कागदाला सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही नको.

लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) आणि डेव्हिड रम्सी नकाशासंग्रहाचे स्कॅन इंटरनेटवर फुकट आहेत, महिनाभर तेच न्याहाळा. मग विकणाऱ्याकडे पाठीमागच्या बाजूचा फोटो मागा, आणि कागद उजेडासमोर धरलेला आणखी एक. टाळाटाळ केली तर मी पुढे जातो.