आधी खोका, मग वॅट

प्रश्न : माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी मी घरीच स्पीकरची जोडी तयार करीत आहे. खर्जाचे स्वर वाजवणारे ८ ओहमचे साडेसहा इंची दोन वूफर आणि उंच स्वरांचे ८ ओहमचे दोन ट्वीटर घेऊन झाले आहेत. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस २० लिटर असे आकडे आहेत. खोका केवढा करावा? दुकानदार '१००० वॅट पीएमपीओ'चा अ‍ॅम्प्लिफायर सुचवतो, तो घ्यावा का? हाताशी सुमारे पाच हजार रुपये उरले आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न चटकन सुटण्यासारखा आहे. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य अशी कोणतीही पद्धत नसल्यामुळे तो आकडा पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापण्यापुरताच असतो. विचारायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सलग देऊ शकतो ती शक्ती. टीपीए ३११६ या चिपवरचे तयार बोर्ड आणि जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा सुस्थितीतील अडॅप्टर एवढ्यावर आपल्याला ८ ओहममध्ये दर बाजूला साधारण २० वॅट मिळतील, आणि आपल्या खोलीत गाणे ऐकताना त्यातले बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतील. मात्र या बोर्डावर दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकमेकींना किंवा अर्थिंगला कधीही जोडू नयेत. स्टीरिओ बोर्डाच्या चारही टोकांवर सिग्नल असतो आणि अशा जोडणीने चिप जळू शकते.

खरे लक्ष द्यायचे ते खोक्याकडे. आपण दिलेले आकडे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतले आहेत (एफएस म्हणजे वूफरची स्वतःची कंपनसंख्या, क्यूटीएस म्हणजे त्याचे कंपन किती आवरले जाते याचे माप आणि व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकतेशी जुळणारे हवेचे आकारमान), आणि ते माहीत असताना अंदाजपंचे खोका ठोकण्याचे कारण नाही. सर्व बाजूंनी बंद खोक्यात वूफर बसवल्यावर दोघांचा एकत्रित 'क्यू', म्हणजे कंपन आवरण्याचे तेच माप, ०.७च्या आसपास यावा, असे धरले जाते. त्यासाठी ०.७ला ०.४५ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि व्हीएएसला त्या उत्तराने भागावे. आपल्या बाबतीत उत्तर साधारण १४ लिटर येते. आतून १८ सेंटिमीटर रुंद, २२ खोल आणि ३५ उंच असा खोका तेवढाच होतो. तिन्ही मापे वेगवेगळी ठेवण्याचे कारण असे की, समान मापांत आतले पडसाद एकाच स्वरावर जमा होतात आणि तो स्वर उगाच फुगतो.

अशा खोक्यात खर्जाचा आवाज साधारण ७८ हर्ट्झच्या खाली कमी होऊ लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ असते. पण तिचा भरीवपणा मुख्यतः वरच्या उपस्वरांतून येत असल्यामुळे फारसे काही हरवणार नाही. हवा आत-बाहेर जाण्यासाठी नळी लावलेला खोका आणखी खालचे स्वर देतो, परंतु नळीचे माप चुकले तर डग्ग्याची घुमक सुटी न राहता एकसारखी गुरगुर होते. पहिल्या जोडीसाठी बंद खोकाच बरा.

कोकणातल्या दमट हवेत एमडीएफच्या (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीच्या) कडा पाणी धरून फुगतात, म्हणून १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय घ्यावा आणि फळ्या दुकानातल्याच करवतीवर मापात कापून घ्याव्यात. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडून आतून प्रत्येक फट बुजवावी. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस आत सैलसर भरावा. खोका बंद झाल्यावर वूफरचा कागद (पुढचा शंकू) बोटांनी चहूकडून हलकेच आत दाबून सोडावा. तो संथपणे मागे आला तर सांधे पक्के आहेत, झटकन उसळला तर कुठेतरी हवा निसटते आहे.

ट्वीटरच्या धन तारेत ४.७ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर किंवा नॉन-पोलर (धन-ऋण बाजू नसलेला) कपॅसिटर घातला की साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचा भार त्याच्यापर्यंत उत्तरोत्तर कमी पोहोचतो. कपॅसिटरवाचून ट्वीटर जोडू नये; तो जळेल. तारेसाठी घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. महागड्या 'ऑडिओ केबल'चे पैसे प्लायवर खर्च करावेत.

प्रश्न : मी घरी केलेले दोन्ही स्पीकर वेगवेगळे लावले असता उत्तम वाजतात, दोन्ही एकदम लावले की तबल्याचा खर्ज नाहीसा होतो. वूफर बिघडले असावेत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वूफर बहुधा ठीक आहेत, एका स्पीकरच्या धन आणि ऋण तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात. एकाचा कागद बाहेर येत असताना दुसऱ्याचा आत जातो आणि कमी कंपनसंख्येचे स्वर एकमेकांना मारतात. तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टच्या सेलची धन बाजू वूफरच्या धन टोकाला आणि ऋण बाजू ऋण टोकाला क्षणभरच लावून पाहावी. कागद बाहेर सरकला पाहिजे. टोकांवरच्या खुणा कधी कधी कारखान्यातूनच चुकीच्या येतात, म्हणून दोन्ही खोके तपासावेत आणि जो आत जातो त्याच्या तारांची अदलाबदल करावी.