सी भरलाय, डी रिकामाय, पण 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबताच येत नाही

तुम्ही लिहिलंय की विंडोज 10 आहे, 1 टीबीची एकच हार्ड डिस्क, सी ड्राइव्ह 100 जीबीचा आणि त्यात जेमतेम 3 जीबी उरलेत, डीमध्ये 500 जीबी मोकळे होते म्हणून तो श्रिंक करून, म्हणजे आकसवून, 100 जीबी काढलेत, तरी सीवर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम, म्हणजे ड्राइव्ह वाढवायचा पर्याय, फिकटच दिसतं. तुमचं काही चुकलेलं नाही. डिस्क मॅनेजमेंटमधली (विंडोजची ड्राइव्ह लहान-मोठे करायची खिडकी) आडवी पट्टी बघा, आधी सी, मग डी, मग तुम्ही काढलेली काळी अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली, जागा. विंडोज श्रिंक करताना शेपटीकडून कापतं आणि सी वाढवायला जागा लागते ती त्याच्या उजव्या अंगाला अगदी चिकटून, मधे डी आडवा बसलाय.

आता बरेच जण सांगतील जीपार्टेड (पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी-डीसारखे भाग, बदलायचं फुकट सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाका आणि डी उजवीकडे सरकवा. होतं ते, मी पण केलंय. पण सरकवायचं म्हणजे डीची सुरुवातच बदलते, आतलं सगळं वाचून पुढे लिहावं लागतं, फिरत्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास जातात आणि मधेच लाइट गेली की पार्टिशन अर्धं इकडे अर्धं तिकडे. ताईच्या घरी मी हेच करत होतो, 61 टक्क्यांवर लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली होती आणि मी ती आधी तपासली नव्हती. भाचीच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच परत आले पण नावं गेलेली, नुसते नंबर, आणि कितीतरी फोटोंचा खालचा अर्धा भाग नुसता करडा. ताई मला एक शब्द बोलली नाही, रात्री उशिरापर्यंत एकेक फोटो उघडून बघत बसली होती, ते मला अजून दिसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की बॅकअप तर घ्यायचाच आहे, मग सगळं एकदा बाहेर काढल्यावर डी सरकवायचा कशाला, सरळ डिलीट करा. बाहेरची हार्ड डिस्क लावा, नसेल तर कोणाची तरी मागून आणा, डीमधलं सगळं कॉपी करा. कॉपी झाली म्हणजे झालं असं धरू नका, दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सचा आकडा जुळवा आणि आठ-दहा मोठे व्हिडिओ त्या बाहेरच्या डिस्कवरून, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून, शेवटपर्यंत चालवून बघा. सीमधले डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सपण घ्या. डीमध्ये एखादं सॉफ्टवेअर किंवा गेम इन्स्टॉल असेल तर तो आधी काढा, नंतर परत टाकता येईल. ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं फीचर, चालू आहे, त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

मग डीवर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. जागा काळी न होता हिरवी होऊन फ्री स्पेस म्हणाली तर जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क आहे, त्या हिरव्यावर अजून एकदा डिलीट करा. आता सीवर एक्स्टेंड दाबता येईल, 100 जीबी वाढवायचे तर आकडा एमबीत 102400 टाका. मी तर म्हणतो 150 वाढवा, परत हा उपद्व्याप नको. उरलेल्या जागेत न्यू सिंपल व्हॉल्यूम, अक्षर डीच द्या म्हणजे जुने शॉर्टकट चालतील, आणि डेटा परत आणा. मधेच डिस्क डायनॅमिक करू का असं विचारलं तर नाहीच म्हणा. बाहेरची कॉपी महिनाभर तरी पुसू नका.

एक गोष्ट मात्र डिलीट करायच्या आधी बघा. सी आणि डीच्या मधे 500-800 एमबीचं छोटं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्त करायला ठेवलेला भाग) असेल तर डी उडवूनही एक्स्टेंड फिकटच राहणार, कारण मग ते आडवं येतं. तसं दिसलं तर कशालाच हात लावू नका, पट्टीचा स्क्रीनशॉट टाका, मी बघून सांगतो.